धुऱ्यावरचा टाका

श्रावण, गाडी फाट्यावर वळली तेव्हा तू हात वर केला होता. मी मुद्दाम पाहिलं नाही. पाहिलं असतं तर उतरलो असतो. मांडीवर तुझ्या शांतावहिनीची पिशवी होती. विनोद म्हणे, "बाबा, डिक्कीत ठेवा ना." मी ठेवली नाही. सामान होय का ते?

शांताची तेरवी आटोपली अन् पोरानं मले इथं शहरात, मनीषनगरात आणलं. लिफ्ट आहे, गिझर आहे, पाय ठेवायले माती तेवढी नाही. पिशवीत होती क्रोशाची शाल, नातीसाठी विणायले घेतलेली. अर्धी झाली होती, सुई तशीच अडकलेली.

सून संगीता चांगली आहे. म्हणे, "मामाजी, इथं सदर भागात एक बाई विणून देते. तिच्याकडं देऊ का?"

"काहून? माझे हात गळून पडले का?"

जन्मभर खाटा-बाजा विणल्या मी, श्रावण. सुतळी काय अन् लोकर काय. साखळी अन् खांब, हे दोन टाके संगीतानं दाखवले, बाकी मी कोणाले विचारलं नाही. शांताच्याच लोकरीच्या गुंड्यानं पुढं विणत गेलो. पण शाल वर वर अरुंद होत गेली. मी कधी लोकरीले शिव्या घातल्या, कधी सुईले.

संगीता हसली, "मामाजी, शाल आहे का समोसा?"

डोकं फिरलं. धागा धरला अन् ओढत सुटलो. सरसर उसवत गेलं, बरं वाटलं. अन् मग हातात आलेला धागा पाहिला. माझं विणलेलं कवाच संपलं होतं. शांताची ओळ उसवून राहिलो होतो मी. अख्खी ओळ गेली होती.

तिले चितेवर ठेवलं तवा मी उभा होतो, श्रावण. इथं खुर्चीतून उतरून खाली फरशीवर बसलो. संगीता विचारून राहिली, "काय झालं, मामाजी?" धागा सोडवेना, धरवेना.

मग नजर शांताच्या खालच्या ओळींच्या काठावर गेली. ओळ सुरू करताना ती तीन साखळ्या उभ्या घालायची. परत येताना शेवटचा खांब त्याच साखळ्यांच्या डोक्यावर. काठ सरळ, बांध घातल्यासारखा. मी मात्र तिथवर जातच नव्हतो. शेवटचा टाका सोडायचा अन् वळायचं. दर ओळीले.

काहून, ते तुले कळंल. नांगर धरला की आपले बाबा वावराच्या धुऱ्यावरून, बांधावरून ओरडत, "जागा ठेव रे, बैल वळायले जागा ठेव!" बाबा जाऊन जमाना झाला, बैल विकले, वावर तुझ्या हवाली केलं. अन् मी इथं तिसऱ्या माळ्यावर लोकरीत बैल वळायले जागा ठेवून राहिलो होतो.

त्याच धाग्यानं तिची ओळ परत घातली, धुऱ्यापर्यंत. काठ सरळ आला. पण त्या धाग्याले तिच्या टाक्यांचे मोड पडलेले आहेत, म्हणून ती ओळ जरा कुरळी दिसते.

संगीता म्हणे, "वाफेची इस्त्री फिरवते, सरळ होईल."

"हात लावू नको वं त्या ओळीले."

विनोद विचारतो, घरची आठवण येते का म्हणून. काय सांगू त्याले? ती ओळ बोटाखाली आली की मी घरीच असतो.