आरपार रंग

घरी कातडं कमवायला चुना, बाभळीची साल, हिरडा आणि धीर लागतो. पहिल्या तिन्हींची तयारी मी चोख केली होती. आज सासूबाईंनी माझ्या पहिल्या कातड्याचा कोपरा रापीने कापला. आत पांढरी रेघ दिसली, तर कातडं कच्चं आणि सगळी मेहनत वाया. वरचा रंग लवकर चढतो. आतपर्यंत मुरायला तो आपला वेळ घेतो. तिथे माझ्यासारख्या झटपट उरकणारीचं काही चालत नाही.

कापलेली कड आरपार तांबूस होती. सासूबाईंनी रापी पुसून बाजूला ठेवली.

तेवढ्यात शेजारच्या काकू नाकाला पदर लावून आल्या. "काय बाई हा वास."

सासूबाईंनी कातडं त्यांच्यापुढे धरलं. "वास राहू दे. हात फिरवून बघ. आमच्या सुनेनं कमावलंय."