गनमेटलचा एकच तुकडा

माझ्या गाडीचं नाव सांगत नाही. सांगितलं तरी दहातल्या नऊ जणांना कळणार नाही, आणि दहावा लगेच किंमत विचारेल. बनवणाऱ्यांनी अशा थोड्याच गाड्या बनवल्या आणि नाद सोडून दिला. चारही चाकांना ताकद, उंच, चौकोनी, आणि आत बसणाऱ्याचे मणके मोजून घेणारी. आमच्या भागातल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडून मी ती घेतली. ते लेकाकडे पुण्याला राहायला निघाले होते. दारात गंजत पडण्यापेक्षा कुणीतरी चालवावी, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

चालवतो मी. रत्नागिरीच्या कोर्टात वकिली करतो. लोकांचं पोट हातावर असतं, माझं तोंडावर. आणि रविवारी माझ्यासारख्याच चार-पाच पन्नाशीच्या पोरांबरोबर गाडी चिखलात घालतो. रुतवतो, बाहेर काढतो, फोटो काढतो. बायको म्हणते, म्हशीला तरी तुमच्यापेक्षा अक्कल असते, ती निदान अंग थंड करायला चिखलात बसते.

गेल्या श्रावणात एका निसरड्या चढावर मी हट्टाने गाडी रेटली आणि खालून काडकन आवाज आला. पुढच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या पेटीतला बुश फुटला होता. बुश म्हणजे धातूची जाड बांगडी, तिच्यात दांडा फिरतो. वस्तू मुठीत मावेल एवढी, पण मिळता मिळेना. पुण्या-मुंबईला फोन केले, इंटरनेटवर शोधलं. एका दुकानदाराने तर "ही गाडी अजून आहे कुणाकडे?" म्हणून मलाच फोटो पाठवायला सांगितलं. शेवटी मेकॅनिक म्हणाला, मिरजोळ्याला लेथवर बनवून घेऊ. येत्या रविवारी आंबा घाटात आमच्या मंडळींचा मेळावा होता आणि तिथे मला गाडी न्यायची होती. माझी घाई होती ती एवढीच. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे त्या घाईचा भलताच अर्थ लावला गेला आणि मी तो लावू दिला.

लेथवाल्याची शेड मेकॅनिकच्या गॅरेजला लागूनच. गाडी गॅरेजमध्ये उघडून ठेवलेली होती. बुशाचे दोन तुकडे घेऊन मी शेडमध्ये गेलो. लेथवाल्याने ते जुळवून मापं घेतली.

"होईल," तो म्हणाला. "पण गनमेटलचा करावा लागेल, साधं लोखंड नाही चालणार, आणि एवढ्या मापाचा तुकडा माझ्याकडे एकच हाय. तो या नाखवांचा. पुढचा माल कोल्हापुरातनं शनिवारी येणार."

नाखवा, म्हणजे बोटीचा मालक, दाराजवळच्या स्टुलावर बसला होता. जयगडकडचा, साठीच्या आसपासचा, उन्हाने रापलेला. त्याच्या बोटीच्या पंख्याची दांडी शेडमध्ये आडवी पडली होती. तिचा बुश झिजून गेला होता. मासेमारीची बंदी उठली होती, समुद्राला नारळ देऊन झाला होता, आणि त्याच्या गावातल्या बाकीच्या बोटी दुसऱ्या दिवशी पहाटे निघणार होत्या.

"शनिवारी म्हणजे संपलंच सगळं," मी म्हणालो. "माझं फार अर्जंट आहे हो."

कोर्टात पुढची तारीख मागताना लावतो तो आवाज मी लावला होता. नाखवाने मान वर केली.

"कसली गाडी?" त्याने लेथवाल्याला विचारलं.

"ती नाही का, डॉक्टरांची? आता या वकीलसाहेबांकडे असते."

नाखवा उठून उभाच राहिला. "सड्यावरना, वरच्या कातळावरना पेशंट आनायची ती? अरे, माज्या आयशीला हिच्यातनाच आनली व्हती! भर पावसात. तवा रस्ता व्हता कुठं आमच्या वरच्या वाडीला? डॉक्टर सोता गाडी घेऊन वर आलं. त्याच्यापुढं आयस लय वर्षां जगली माजी." मग लेथवाल्याकडे वळून म्हणाला, "त्यांचा आदी कर. ह्यो तुकडा त्यांना दे."

"अहो नको, तुमची बोट थांबेल," मी म्हणालो. चहाला आधी नको म्हणतात, तसं. एकदाच.

"बोट काय, दोन दिवसांनी जायल. पेशंट थांबत नाय."

"पहिल्या फेरीचीच खरी कोळंबी असते, नाखवा," लेथवाला हळूच म्हणाला. "बघा बुवा. एकदा यांच्या मापाने कापला की तुमच्या दांडीला नाही बसायचा."

"काप रे तू."

लेथवाल्याने माझ्याकडे पाहिलं. एक वाक्य बोलायचं होतं. ही गाडी आता पेशंट नेत नाही, हिच्यात मी रविवारी खेळतो. एरवी साध्या जामिनासाठी मी तासभर बोलू शकतो. त्या वेळी मी फक्त मान डोलावली. लाज वाटली, आणि लाजेच्या जोडीला हायसंही वाटलं, की रविवार वाचला. आज विचार करतो तेव्हा त्या हायशाचीच जास्त लाज वाटते. लेथवाल्याने तुकडा यंत्रात आवळला आणि पिवळा कीस खाली पडू लागला.

"गाडी बगू जरा?" नाखवाने विचारलं.

आम्ही शेजारी गॅरेजमध्ये गेलो. नाखवाने पुढे पाहिलंच नाही, थेट मागे गेला आणि दार उघडलं. पेशंटला आडवं करता यावं म्हणून डॉक्टरांनी मागे एका बाजूला लांब बाक बसवून घेतला होता. तो मी आल्या आल्या काढून टाकला होता. त्या जागी आता पट्ट्याने बांधलेली एक मोठी निळी पेटी होती. नाखवाने बाकाच्या जागी पत्र्यावर हात फिरवला.

"हितं निजवली व्हती," तो म्हणाला. "मी खाली बसून तिचा डोका धरला व्हता. बाक काडलात?"

"हो. जरा... बदल करतोय."

"आनि ही पेटी बर्फाची?"

पेटी बर्फाचीच होती. तिच्यात आमच्या बियरच्या बाटल्या असायच्या. मी काही बोलायच्या आत त्यानेच विचारलं, "औषदांसाठी काय?"

"इंजेक्शनं थंड ठेवावी लागतात," मी म्हणालो.

"बरा केलात. डॉक्टरांच्या पन डोक्यात आला नव्हता ह्या." त्याने झाकण न उघडता पेटीवर थाप मारली. "बर्फ लागला तर जेटीवर या. बोटवाल्याकडं बर्फाला काय तोटा?"

त्याने झाकण उघडलं असतं तर बरं झालं असतं, असं मला खरोखर वाटलं. पण दुसऱ्याच्या औषधांच्या पेटीत हात घालणाऱ्यांतला तो नव्हता. त्याने दार नीट लावलं आणि खिशातून फोन काढला.

"नंबर द्या तुमचा, वकीलसायब. वरच्या वाडीत म्हातारी मान्सां हायत अजून. आंबिलन्स खाली फाट्यावरच थांबते, चढ बगून डायवर नाय म्हनतो. वाडीत सगळ्यांना नंबर देऊन ठेवतो. कदी नड पडली तर."

मी नंबर सांगू लागलो. सुरुवातीचे आकडे बरोबर सांगितले. शेवटाकडे येईपर्यंत पावसातला तो सड्याचा चढ डोळ्यांपुढे आला, माझी झोप आली, कोर्टातल्या तारखा आल्या, आणि मागच्या उघड्या पत्र्यावर कुणाची तरी आई आली. शेवटचा आकडा मी बदलला. चुकून बदलला असं लिहायचा मोह होतोय, पण चुकून नाही.

"थांबा, मिस काल देतो," नाखवा म्हणाला.

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. शेजारच्या लेथच्या आवाजात ऐकू येईना म्हणून त्याने स्पीकर लावला. मीही खिशातून फोन काढून हातात धरला आणि वाट बघत असल्यासारखा त्याच्याकडे बघत राहिलो. त्याच्या फोनमधून बाईचा स्वच्छ आवाज आला, आपण डायल केलेला क्रमांक अस्तित्वात नाही.

नाखवाने फोनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हसला.

"ह्या बायचा काय खरा नाय," तो म्हणाला. "रेंज नसली की कायपन सांगते. घरी गेलो की लावतो परत."

"हो," मी म्हणालो, "इथे रेंजचा प्रॉब्लेमच आहे."