काचेपलीकडचे हात

ताई केमिकल इंजिनिअर झाली तेव्हा पुण्यात ज्याला त्याला सॉफ्टवेअरचं वेड लागलं होतं. मीही हिंजवडीची बस धरत होतो. ताईनं मात्र समुद्राकाठच्या एका सरकारी प्रकल्पात नोकरी घेतली. अणुभट्टीत वापरून झालेलं इंधन तिथं शुद्ध करून पुन्हा उपयोगात आणतात.

"राख चिवडायला एवढं शिकलीस?" आई एवढंच म्हणाली. मग तो विषय घरात कुणी काढलाच नाही.

पुढे एका हिवाळ्यात ताईच्या खात्यानं आमच्या सदाशिव पेठेजवळच्या कॉलेजात प्रदर्शन भरवलं. स्टॉलवर ताईच होती. आईला मी कसंबसं नेलं.

टेबलावर वीतभर जाडीची, पिवळसर काच उभी होती. अलीकडे धरायच्या दोन मुठी आणि पलीकडे पोलादी चिमट्यांचे दोन लांब हात. मूठ वळवली की चिमटा वळायचा. चिमट्यांपुढे एक गोटी आणि एक वाटी ठेवली होती.

"तिथं काच याहून कितीतरी जाड असते," ताई म्हणाली. "त्या इंधनाला माणसाचा हात कधीच लागत नाही. सगळं या हातांनी करायचं."

"पण राखच ना शेवटी?"

"नाही गं. त्यातलं बरंचसं युरेनियम तसंच शिल्लक असतं. थोडं प्लुटोनियम नव्यानं तयार झालेलं असतं. ते वेगळं काढलं की पुन्हा इंधन. उरतं ते थोडंच, पण फार जहाल. ते काचेच्या रसात मिसळून गोठवतो आणि सांभाळतो."

"किती दिवस?"

"हजारो वर्षं."

आईनं पदर खोचला, मुठी धरल्या आणि पलीकडची गोटी उचलायला लागली. दोनदा निसटली. मग अलगद वाटीत पडली. मागे रांग खोळंबली होती, पण आई मुठी सोडेना.

"तुला भीती नाही वाटत?" तिनं हळूच विचारलं.

"वाटते. पण पहिल्या दिवशी वापरलेलं इंधन गार ठेवायचा तलाव बघितला. तळाशी इंधन ठेवलेलं आणि त्याच्या किरणोत्सारानं सगळं पाणी निळं उजळलेलं. आवाज नाही, धूर नाही. माझे हात आपोआप जोडले गेले, आई."

एका घरात, एका ताटात जेवलेली ही माझी बहीण असल्या उजेडाजवळ रोज उभी राहत होती आणि मी तिला कधी काही विचारलंही नव्हतं.

परतताना मंडईत आईनं नेहमीच्या बाईंकडून पेरू घेतले आणि विचारलं नसताना सांगितलं, "आमची मोठी अणुवीज खात्यात आहे."

"मग आमच्याकडची लाईट का जाते हो, काकू?"

"काम फार सावकाशीचं आहे ते," आई म्हणाली. "घाई करून चालत नाही."