रणगाडे ओढणारी गाडी

कॉलेजला जाताना वडीगोद्रीच्या फाट्यावर तो म्हातारा मिस्त्री मला रोज दिसे. रणगाडे वाहून नेणारी लष्कराची जुनी, अवाढव्य गाडी त्याने लिलावातून आणली होती. ती भंगारात न घालता चालू करून सव्वीस जानेवारीला शाळेच्या मैदानावर दाखवायची, एवढाच त्याचा हट्ट होता. गाडीत चढताना तो चपला खाली काढून ठेवी.

त्या सव्वीस जानेवारीला इंजिन सुरूच होईना. फाट्यावरचा एक ट्रॅक्टरवाला हसत म्हणाला, "मामू, साखळी लावू का? जल्दी पोचवतो."

हात पुसत मिस्त्री म्हणाला, "न्हाई बाबा. हिनं रणगाडे ओढलेत. हिला बांधून न्यायची न्हाई. पुढल्या साली येईल, पन आपल्या ताकदीवर येईल."

झेंडावंदन त्याने गाडीजवळच उभं राहून केलं आणि पुन्हा पाना उचलला.

पुढच्या वर्षी गाडी धडधडत मैदानाशी आली. ट्रॅक्टरवाल्याने कुणी न सांगता आपला ट्रॅक्टर मैदानाच्या फाटकातून मागे घेतला. मिस्त्री अनवाणीच खाली उतरला.

बी.ए.च्या इंग्रजीच्या पेपरला मी तिसऱ्यांदा बसलो, तेव्हा मला ते अनवाणी पाय आणि ‘आपल्या ताकदीवर येईल’ हे शब्द आठवत होते.