सात नंबर की आठ नंबर

बालाघाटात समुद्रासाठी तयार असलेला एकच माणूस आहे आणि तो माझा साडू आहे. त्यांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. सगळा जन्म तिरोडीच्या मँगनीज खाणीत गेला. निवृत्तीनंतर मोबाइलवर त्यांना पिसांच्या खोट्या माशीने मासे धरणारे गोरे लोक दिसले आणि तेव्हापासून ते त्या कामाची काठी निवडत होते. तिला फ्लाय रॉड म्हणतात. तिच्यात वजन गळाला नसतं, दोरीला असतं. ती हवेत मागेपुढे झुलवून माशी पाण्यावर अलगद टाकायची. दोरी जड, तसा काठीचा नंबर मोठा. परदेशातला बास हा आपल्या मरळीसारखा, पाणवेलीत दबा धरून बसणारा मासा; त्याला सात नंबर पुरतो. समुद्राच्या वाऱ्याला आठ लागतो. साडूंना दोन्हीकडे चालणारी एकच काठी हवी होती. "सात घेतली तं वारा हासते, आठ घेतली तं मासा लागला हे मलेच समजत नाही," असं ते कोणालाही सांगत. ऐकणाऱ्याने विचारलेलं नसे.

लांब वस्तू दिसली की ती हलवून पाहायची, ही त्यांना सवयच लागली. लालबर्ऱ्याच्या एका लग्नात त्यांनी नवरदेवाच्या आजोबांच्या हातातली काठी मागून घेतली, दोनदा झटकली आणि म्हणाले, "वजन बरं हाय, लचक नाही." आजोबा भले गृहस्थ. परत मिळेपर्यंत खांबाला धरून उभे राहिले. घरी गच्चीवर बांबूला सुतळी बांधून सराव चाले. एकदाच त्यांनी तिला खरा गळ लावला, त्या दिवशी शेजारणीची पापडांची चादर पापडांसकट साडूंच्या बाजूला आली. शेजारीण बरंच बोलली. साडूंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि आठ नंबरच लागेल, असा निष्कर्ष काढला. दुसऱ्या दिवशी तो बदलला.

त्यांच्या एकुलत्या लेकीने कोकणातल्या एका मुलाशी आपल्या पसंतीने लग्न केलं होतं. साडूंनी विरोध केला नाही. लग्नात जेवले, आहेर केला आणि लेकीच्या घरी मात्र कधी गेले नाहीत. जावयाचा उल्लेख ते 'तो माणूस' असा करत. लेक फोनवर या म्हणाली की उत्तर ठरलेलं, "काठी ठरू दे, मंग येतो." माझी मेहुणी आतून म्हणे, "साऱ्या गावाच्या काठ्या पाहून राह्यले, लेकीचं घर पाहाले पाय निघत नाही."

पुढे अडचण अशी आली की खाडीवर वारा कसा असतो हे कळल्याशिवाय नंबर ठरेना, आणि कोकणातला ओळखीचा माणूस एकच. शेवटी त्यांनीच फोन लावला.

"तुमच्याकडं वारा कसा हाय?"

जावई बँकेत होता. त्याने खिडकी उघडून पाहिलं असावं. "बरा आहे, बाबा."

"बरा म्हंजे? पान हालते का फांदी?"

तेव्हापासून तो बिचारा रोज बँक सुटल्यावर खाडीवर जाऊन वारा पाहू लागला. संध्याकाळी फोन वाजला नाही तर साडू गच्चीवर अस्वस्थ फिरत. 'तो माणूस' कधी 'जावईबापू' झाला, ते आम्हालाही नीट कळलं नाही.

मग एक दिवस कोकणातून लांब पेटी आली. आत आठ नंबरची काठी. साडू संतापले. "मले न पुसता? काहून?" त्यांनी ती जोडली, हलवली, पुन्हा हलवली आणि फडक्याने पुसून परत पेटीत ठेवली. "मी सातच घेतली असती," ते म्हणाले. मग मेहुणीला म्हणाले, "तिकीट काढाले सांग."

मीही सोबत गेलो. साडू गुडघाभर पाण्यात उभे राहिले, दोरी छान झुलवली, आणि वाऱ्याने माशी परत आणून त्यांच्याच सदऱ्याच्या पाठीत रोवली. जावई बँकेच्या कपड्यांनिशी पाण्यात शिरला. तो गळ सोडवत होता, साडू हलत नव्हते, आणि काठावर लेक हसता हसता रडत होती. मुक्कामभर मासा एकही लागला नाही.

परतताना गाडीत माझ्या लक्षात आलं, काठी सोबत नाही.

"भाऊजी, काठी राहिली की!"

"हौ," ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले. "तिथंच ठेवली. पुन्हा जायाचं म्हटलं तं सांगाले काही पाह्यजे ना."