मोठ्या आईची दुसरी चूल

जगातली झाडून सगळी भांडणं दुसऱ्या चुलीपासून सुरू होतात, असं माझ्या मोठ्या आईचं ठाम मत होतं, आणि या मताला अपवाद दाखवणारा माणूस तिला जन्मात भेटला नाही, कारण भेटला तरी ती त्याला बोलू देत नसे. मोठी आई म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण. नागभीडपासून बैलगाडीने तासाभराच्या वाटेवर, चहूकडून धानाच्या बांध्या-खाचरांनी वेढलेल्या गावात तिचं घर होतं. दोन मुलगे, दोन सुना, नातवंडं, एक गडी आणि मोठेबाबा, म्हणजे तिचे यजमान, अशी दहा-बारा माणसं तिथे एका चुलीवर जेवत. तसं आमच्याकडे चूल वेगळी झाली की घर वेगळं झालं, हे सगळेच मानतात. शेताची वाटणी मागाहून होते, तलाठ्याकडची नोंद त्याहून मागाहून. आधी कुणीतरी मागच्या पडवीत नवी चूल मांडतं आणि गाव काय ते समजून घेतं. पण मोठी आई ते जरा ताणूनच मानायची. शेजारचे दोन भाऊ बांधाच्या वादावरून वेगळे निघाले, तेव्हा ती म्हणाली, "बांध कायचा वं? धाकटीनं चहासाठी शेगडी पेटवली ना, तवाच मले समजलं होतं." रेडिओवर पाकिस्तानची बातमी लागली तरी तिचं निदान तेच. "चुली वेगळ्या केल्या ना त्याइनं? मंग आता कायले रडून राह्यले?"

धाकट्या मुलाने एकदा मोठ्या हौसेने नागपूरहून रॉकेलचा स्टोव्ह आणला. मोठ्या आईने तो चारी बाजूंनी पाहिला, चांगला आहे म्हणाली आणि गोठ्यात नांगराशेजारी ठेवून दिला. खोकं मात्र तिला आवडलं, त्यात तिने कांदे भरले. तर घरात चूल एक, आणि चुलीवर सगळ्यांसाठी गंज, म्हणजे पातेलं, एक. थोरली सून बाळंत झाली तेव्हा घरातली बाप्या माणसंसुद्धा बाळंतिणीचं जेवली; धिप्पाड गडीदेखील खसखशीची खीर पिऊन वखरायला जायचा. धाकटीला डोहाळे आंबटाचे लागले, तर आख्ख्या घराला महिनाभर अंबाडी. एका नातवाला ताप आला की सगळे पेज पीत, आणि ज्याला ताप आला तो सगळ्यात आधी बरा होई, कारण भावंडं त्याला सुखाने आजारी राहू देत नसत. "एकाले वेगळं वाढलं का त्याचं मन वेगळं होते," हे तिचं वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आजही हॉटेलात चार जण चार पदार्थ मागवायला लागले की मला उगाच धास्ती वाटते.

ही गोष्ट ऐंशी-ब्याऐंशीच्या सुमाराची. मी तेव्हा चंद्रपूरला शाळेत शिकवत होते. मोठेबाबांच्या पायाच्या अंगठ्याला कुदळ लागल्याचं निमित्त झालं आणि ती जखम काही केल्या भरेना, म्हणून त्यांना माझ्याकडे आणलं आणि मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. मोठेबाबा म्हणजे धानावरच वाढलेला माणूस. सकाळी पेज, दुपारी भात, रात्री भात, आणि मधल्या वेळी भूक लागली तर मुरमुरे. नुसत्या वासावरून तांदूळ कुणाच्या बांधीतला ते सांगायचे. डॉक्टरांनी रक्त-लघवी तपासली आणि साखरेची बिमारी आहे म्हणून सांगितलं. ज्वारीची लहानशी भाकर एकच, बाकी भाजी, डाळ, अंडी, मासोळी पोटभर खा. भात मात्र बंद.

मोठेबाबांनी शहाण्यासारखी मान डोलावली. जरा वेळाने विचारलं, "पेज चालन ना जी?"

"नाही."

"पोहे?"

"नाही."

"मुरमुरे त निस्ती हवा असते जी."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मोठेबाबा खचून म्हणाले, "मंग साहेब, आमी धान लावाचं तरी कायले?"

"दुसऱ्यांना खाऊ घालायला," डॉक्टर हसून म्हणाले. हे उत्तर मोठेबाबांना इतकं पटलं की गाडीत शेजारी बसलेल्या प्रत्येकाला ते त्यांनी ऐकवलं.

घरी बातमी पोचली तेव्हा थोरली सून समजुतीने म्हणाली, "मामाजीची भाजी-भाकर मी वेगळी करत जाईन." तिच्या तोंडून 'वेगळी' हा शब्द निघाला आणि तिथेच प्रकरण मिटलं. मोठ्या आईने कमरेला पदर खोचला आणि जाहीर केलं, "उद्यापासून या घरात भात शिजनार नाई. बुढा खाईन तेच सारे खातीन." आणि खरोखर, जिच्या ढोल्यांमध्ये वर्षभराचा तांदूळ काठोकाठ भरला होता, त्या घरात दुसऱ्या दिवसापासून तांदळाचा दाणा शिजेनासा झाला. ताटात एक भाकर, आणि तिच्याभोवती तरोट्याची भाजी, बांबूचे वास्ते म्हणजे कोवळे कोंब, झिंग्यांची चटणी, अंड्याचा रस्सा. दुसऱ्या कुणी वाढलं असतं तर मेजवानी म्हटली असती. पण धानाच्या मुलखातल्या माणसाला भाताशिवाय कितीही वाढा, तो हात धुऊन उठतो आणि विचारतो, जेवण कधी आहे?

मग बंडं सुरू झाली. दोन्ही मुलांना नागभीडच्या बाजारात एकाएकी रोज कामं निघू लागली, आणि ती कामं नेमकी स्टेशनाजवळच्या खानावळीशी येऊन संपत. सुनांना आळीपाळीने माहेरची आठवण येई. धान रोवायला आलेल्या बायांनी बांधावर भाकऱ्या पाहिल्या आणि एकीने हळूच विचारलं, "बाई, घरी कोनी गेलं का जी?" नातवंडं शेजारच्या दारात नेमकी जेवणाच्या वेळी खेळायला जात. उघड बंड मात्र एकट्या कुत्र्याने केलं. तो भातावर वाढलेला. चार दिवस भाकरीकडे पाहून त्याने आपलं बिऱ्हाड शेजाऱ्यांच्या अंगणात हलवलं आणि तिथून आमच्याच माणसांवर भुंकू लागला.

सगळ्यात कडक पहारा अर्थात मोठेबाबांवर. वैशाखी पौर्णिमेला विहारात खीर होती, आणि गावातले जाणते म्हणून दरवर्षी ती मोठेबाबाच वाढायचे. वंदना झाली, पळी त्यांच्या हातात आली. मोठी आई शेजारी उभी. तो काळवंडलेला अंगठा सांभाळत म्हातारा लंगडत लंगडत साऱ्या गावाला खीर वाढतोय आणि म्हातारी मागोमाग चालतेय, अशी ती वरात होती. शेवटी बोटांना खीर लागली, तर हिने पुढे होऊन पदराने त्यांची बोटं पुसली. "चाटू त दे वं," मोठेबाबा कळवळून म्हणाले. ती म्हणाली, "डाक्टरनं चाटा म्हटलं काय?"

एवढं सगळं होऊनही जखम भरेना. उलट चिघळली. पोळ्याच्या आधी मी त्यांना पुन्हा चंद्रपूरला नेलं, तर साखर पहिल्यापेक्षा जास्त. डॉक्टर या वेळी हसले नाहीत. असंच चाललं तर आधी अंगठा आणि मग पाऊलही काढावं लागेल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. परतीच्या वाटेवर नॅरोगेजच्या लहान गाडीत मोठेबाबा बराच वेळ खिडकीबाहेरचं हिरवं धान पाहत बसले, आणि मग मला म्हणाले, "खोटं कायले बोलू पोरी? मी बाहेर भात खातो."

"कुठे?"

"कुठीबी. बांधावर बायाइच्या डब्यात खातो. लोकाइच्या घरी खातो. सारे कीव करून वाढतेत, बिचाऱ्याच्या घरी भात शिजत नाई म्हनून." मग म्हणाले, "घरी घासच उतरत नाई. नातू भाकर मोडत माह्या तोंडाकडं पाह्यते. माह्यापायी लेकराइचा भात गेला, अन् मी तेथंच बसून अंडे खाऊ? मी ताटावरून उपाशीच उठतो. मंग बाहेर गेलो का भूक आवरत नाई." आणि त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. मला त्यांचा राग यायला हवा होता, आला नाही.

घरी पोचल्यावर मी मोठ्या आईला आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. म्हटलं, तुझी एक चूल मोठेबाबांचा पाय घेणार आहे. ती चिडेल, मलाच चार शब्द ऐकवेल, असं वाटलं होतं. तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं, टोपली उचलली आणि तळ्याकडे गेली. परत आली ती माती घेऊन. मागच्या पडवीत बसून, तुसाचा भुसा कालवून, तिने एकटीने एक लहानशी चूल घातली. सुना दारात उभ्या राहून पाहत होत्या. पुढे व्हायची कुणाची छाती झाली नाही. हातावरची माती धुऊन ती थोरलीला म्हणाली, "पोट्ट्याइले भात रांध. चांगला मोठा गंज चढव."

त्या संध्याकाळी त्या घरातून दोन ठिकाणी धूर निघाला आणि गावाने काय ते समजून घेतलं. एकेक बाई काही ना काही मागायच्या निमित्ताने येऊन मागच्या पडवीत डोकावून गेली. मुलगे हादरले. थोरला रडवेल्या आवाजात म्हणाला, "आई, आमचं काय चुकलं वं?" बातमी चालत चालत सिंदेवाहीपर्यंत गेली आणि तिकडून माझा मामा दोन जाणत्या माणसांना घेऊन वाटणी मोडायला हजर झाला. त्यांनी पाणी प्यायलं, जयभीम केला, घसा साफ केला आणि मामाने विचारलं, "बाई, कोनता पोरगा वेगळा निंगाला?"

"पोरं नाई. मी निंगाली," मोठी आई म्हणाली.

"कोनापासून?"

"साऱ्यापासून. बुढ्याले घेऊन."

जाणत्या माणसांनी आजवर पुष्कळ वाटण्या मोडल्या होत्या, पण असलं प्रकरण त्यांच्यापुढे कधी आलं नव्हतं. ते मोठ्या चुलीवरचा भात पोटभर जेवले आणि मोडायला काही न सापडल्यामुळे परत गेले. कुत्राही त्याच आठवड्यात परत आला.

मग मी सुट्टीला गेले की एक दृश्य दिसे. पुढच्या घरात नातवंडांच्या ताटात भाताचे ढीग, आणि मागच्या पडवीत लहान चुलीपाशी दोन म्हातारी माणसं समोरासमोर बसून वांग्याची भाजी, तळ्यातल्या मासोळ्या खात बसलेली. लग्न झाल्यापासून मोठी आई सगळ्यांचं उरकल्यावर, उरेल ते, एकटी जेवली होती. आता नवऱ्याच्या समोर बसल्याशिवाय इलाज नव्हता, कारण नजर हटली की हा माणूस पुढच्या घरातला भात चोरणार, असा तिचा पक्का संशय. मोठेबाबा मात्र चोरी विसरले होते. लेकरं भात खातायत हे कानांनी ऐकू येई आणि त्यांना इकडे घास उतरे. भाकर एकच, तिचाही निम्मा तुकडा तिला देऊन म्हणत, "खा वं, तुले कुठी साखर हाय!" लोकांनीही कीव करणं सोडलं, कारण ज्याच्या घरी एवढा भात शिजतो त्याला कोण वाढणार? त्या हिवाळ्यात जखम भरली.

एकदा भांडी घासता घासता मी तिला छेडलं, "काय मोठी आई, दुसऱ्या चुलीनं भांडणं होतात ना?" ती राखेचा हात तसाच ठेवून हसली. म्हणाली, "नवी नवरी होती ना, तवा मीच मांगतली होती. माही सासू लय कडक. याइले म्हटलं, मागच्या पडवीत लहानशी चुल घालू, दोघंच रांधू, दोघंच खाऊ. हे म्हनाले, चुल वेगळी झाली का घर मोडते. पुन्हा कधी बोलली नाई." मग गंज पालथा घालत म्हणाली, "पुरं आयुष्य लागलं बुढ्याले हो म्हनायले. तेबी पाय जाऊन राह्यला तवा." साऱ्या गावाला चुलीचा कायदा शिकवणारी ही बाई, तो कायदा तिला स्वतःला कुणी आणि कसा शिकवला होता, ते मला त्या दिवशी कळलं.

त्या चुलीवर दोघं काही वर्षं जेवली. दशक सरता सरता मोठेबाबा गेले, दोन्ही पाय शाबूत ठेवून. त्यानंतर मी गेले, तेव्हा मागच्या पडवीत लाकडं रचलेली होती आणि मोठी आई पुढच्या घरात सुनांच्या चुलीपाशी बसली होती. तिच्या ताटात भात होता. जगात तिच्या म्हणण्याप्रमाणेच झालं होतं: एक घर, एक चूल, एक गंज. गावातले म्हणतही होते, बुढीचं घर पुन्हा एक झालं. ती भात नुसताच कालवत बसली होती. मला पाहिल्याबरोबर तिने ताट जरा मागे ओढलं आणि समोरच्या जमिनीवर हात फिरवून जागा केली.

"इथी बस वं माय, समोर," ती म्हणाली. "समोर कोनी नसलं का घास उतरत नाई आता."