ओव्हनवर ओतलेलं पाणी

मी घासून ठेवलेल्या ओव्हनवर बाईंनी माझ्यादेखत तांब्याभर पाणी ओतलं. विजेच्या ओव्हनवर. झाकणावर, आत, बाहेरून. मग फडक्यानं पुसला आणि आत घेऊन गेल्या.

सकाळपासून मी त्याच्याशी झटत होते. गोल, अ‍ॅल्युमिनियमचा, झाकणाला काच असलेला ओव्हन. सांडलेलं केकचं पीठ आणि तूप जळून जळून आतून काळाकुट्ट झालेला. संध्याकाळी त्यांच्या मुलीचा वाढदिवस होता, केक घरीच व्हायचा होता. बाईंनी बजावलं होतं, "पाणी अजिबात लागू द्यायचं नाही हं. आत कॉइल आहे. फडकं घट्ट पिळून घे." मी सोडा लावला. चमच्याच्या दांडीनं खरवडलं, कोपरे नखांनी काढले. सोड्यानं बोटांची सालं निघाली. काचेत तोंड दिसायला लागलं तेव्हा थांबले. खरं सांगते, मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं.

हे सगळं बाल्कनीत बसून. स्वयंपाकघरात मला पाऊल टाकायची मुभा नव्हती. वाशी तेव्हा नवीनच वसत होती. इमारती नव्या, रंग नवे, माणसं मात्र गावाकडचं सगळं बरोबर घेऊन आलेली. मी लग्न होऊन मराठवाड्यातून रबाळ्याच्या वस्तीत आले होते. सासू बाईंच्याच इमारतीचे जिने झाडायची, तिनंच मला हे काम लावून दिलं. बाईंनी जात विचारली तेव्हा सासूनं सरळ सांगितलं, "आमी बौद्ध." बाई म्हणाल्या, "आमचं काही नाही हो तसलं."

तसलं काही नव्हतं. फक्त मी घासलेली भांडी बाल्कनीतच उपडी ठेवायची. बाई त्यांच्यावर पाणी फिरवायच्या आणि मगच आत न्यायच्या. रोज. मी रोज बघायची आणि मान खाली घालायची. गावातही आई हेच सोसत आली होती. मला वाटायचं, असतंच असं.

त्या दिवशी त्यांचा हात सवयीनं ओव्हनकडेही गेला. मी म्हटलं, "बाई, पाणी..."

"तू मला शिकवू नकोस."

संध्याकाळी पाहुणे जमले. भांड्यांसाठी मलाही थांबवून घेतलं होतं. मुलं फुगे घेऊन धावत होती. बाईंनी केकचं भांडं आत ठेवलं, बटण दाबलं. फट्‌कन आवाज झाला, ठिणगी उडाली आणि घरातला पंखा, दिवे, सगळं बंद. जळका वास सुटला. साहेबांनी झाकण उघडून बघितलं. "आत पाणी गेलंय."

बाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं. त्यांना ठाऊक होतं. मला दिसलं त्यांच्या डोळ्यांत.

"हिनंच धुतला असणार," त्या म्हणाल्या. "या लोकांना कितीही सांगा."

साहेबांनी सासूला खालून बोलावून घेतलं. मला पाहुण्यांच्या समोर उभं केलं. आवाज अगदी गोड. "हे बघ, आम्ही तुला रागावणार नाही. फक्त चुकलं म्हण. विषय संपला."

सासूनं माझं मनगट धरलं. "म्हन की गं बाई. चुकलं म्हन. काय जातंय तोंडाचं?"

तोंडाचं काहीच जात नव्हतं. पण माझ्या बोटांची आग होत होती. सकाळपासूनचं माझं काम, त्यावर ओतलेलं ते पाणी, आणि आता त्या पाण्याचा दोषही माझ्याच कपाळी.

"पाणी बाईंनी घातलं," मी म्हणाले. "मी हात लावला होता म्हणून घातलं. रोजच घालतात. विचारा त्यांना."

कुणी विचारलं नाही. एका पाहुणीनं आपल्या मुलीला जवळ ओढलं. बाई रडायला लागल्या आणि साहेबांचा गोड आवाज संपला. "चालती हो."

दुसऱ्या दिवशी सासूचे जिनेही गेले. ती चुलीसमोर बसून म्हणाली, "खरं बोलून प्वाट भरतं का?"

"खोटं बोलून तरी कुठं भरलं?" मी म्हटलं. तिचंही खोटं नव्हतं. घरात चूल कधी पेटायची, कधी नाही.

तरी मी माफी मागायला गेले नाही. सानपाड्याला, तुर्भ्याला नवी कामं शोधत फिरले. दार उघडलं की आधी सांगायची, "आमी बौद्ध. मी घासलेल्यावर पुन्हा पाणी फिरवणार असाल तर आत्ताच सांगा." पुष्कळ दारं तिथंच लागली. लागू देत. अजूनही मी हेच विचारते, आणि उत्तर ऐकल्याशिवाय चप्पल काढत नाही.